लिमाला जायचंय? आधी स्वेटर शोधा

मे-जूनमधे आपल्या जळगावात ४४ डिग्रीत बॅग भरताना स्वेटर कोणाच्या डोक्यात येणार भो, मी पण नाही घेतला अन् तिथं उतरल्या उतरल्या कुडकुडलो. लिमा म्हणजे पेरू देशाची राजधानी, अन् पेरू विषुववृत्ताच्या खाली, म्हणून तिथं जून ते सप्टेंबर हिवाळा. १५-१६ डिग्रीच असतं पण हवा दमट, अन् धुक्यामुळं सूर्य दिवस दिवस दिसत नाही. तिथले लोक त्या आभाळाला 'गाढवाचं पोट' म्हणतात. ऊन पाहिजे तर डिसेंबर ते मार्च जा.

मुक्काम लिमातल्याच मिराफ्लोरेस या समुद्रकाठच्या भागात करा. कड्यावरून पायी फिरायला मस्त रस्ता आहे, खाली थेट पॅसिफिक. पण तिथलं हुआका पुक्याना अजिबात सोडू नका, फक्त मंगळवार टाळा, बंद असतं. भर वस्तीत दीड हजार वर्षं जुना कच्च्या विटांचा पिरॅमिड, अन् विटा आडव्या नाही तर कपाटात पुस्तकं लावतात तशा उभ्या, मधे फट ठेवून, म्हणजे भूकंपात हलतील पण पडणार नाहीत. आमचं गावचं धाब्याचं घर दरवर्षी खारी माती टाकूनही गळायचं अन् हे मातीचं कसं टिकलं? तर लिमात पाऊस जवळजवळ पडतच नाही, नुसती भुरभुर.

जुन्या शहरात मेट्रोपोलितानो बसनं जा, एकच कार्ड सगळ्यांसाठी टॅप करता येतं. चौक, कॅथेड्रल बघून सान फ्रान्सिस्को चर्चचं तळघर गाठा, माणसांची हाडं रांगोळीसारखी गोल मांडलीत. फोटो काढू देत नाहीत.

लिमाबाहेर एका दिवसात करायचं तर पाचाकामाक, जुन्या मंदिरांचे अवशेष आहेत, साधारण ३० किलोमीटर, सोमवार सोडून. सूर्यमंदिरावर चढलं की एका बाजूला वाळवंट अन् दुसरीकडं समुद्र. समुद्रकाठच्या पाराकास गावाला एका दिवसात नेतात खरं, पण २५० किलोमीटर जायचं अन् तेवढंच यायचं, बायेस्तास बेटांच्या बोटी सकाळच्या म्हणून पहाटे तीन-चारलाच निघायचं, त्यापेक्षा रात्री तिथंच राहा. बेटावर उतरू देत नाहीत, बोटीतूनच सी लायन अन् पेंग्विन दिसतात, पक्ष्यांच्या विष्ठेचा वास मात्र फुल्ल.

शाकाहारी असाल तर नुसतं 'सिन कार्ने' (मटण नको) म्हणू नका, चिकन येईल. 'सिन पोयो, सिन पेस्कादो' (चिकन नको, मासे नको) पण सांगा. पापा आ ला उआंकाइना मागवा, उकडलेल्या बटाट्यावर चीज अन् पिवळ्या मिरचीचा थंड रस्सा, वर अंडं असतं ते आधीच नको म्हणायचं. वेटर तिखट आहे म्हणून सांगतो, शेवभाजी खाणाऱ्यानं तिकडं लक्ष देऊ नये.