डासांची पाठ घासू नये म्हणून

डास कोणत्या जातीचा ते ओळखायला नमुना न्यायचा असेल, तर आधी टिश्यू पेपर काढून ठेवा. बाकीचं नंतर.

गेल्या श्रावणात मी कोथरूडहून अकरा डास प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत घालून, स्कूटरच्या डिकीतून प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमकडे नेले. वाटेत कर्वे रस्ता, स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यातले खड्डे. मॅडमनी एकेक डबी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि शेवटी म्हणाल्या, "डास आहेत, एवढं लिहून देते." डब्यांत डासाशिवाय काहीच नव्हतं. खुळखुळ्यातल्या खड्यांसारखे ते वाटभर आपटत आले आणि पाठीवरचे खवले झडले. ओळख त्या खवल्यांतच असते. टिश्यूचा एक चुरगळलेला तुकडा घातला असता तर सगळं वाचलं असतं. कापूस मात्र नको, त्याच्या तंतूंत पाय अडकतात आणि सोडवताना तुटतात.

पकडायला काचेची नळी घ्या. डास भिंतीवर बसला की नळी वर ठेवायची, खालून कागद सरकवायचा. टाळी नाही, विजेची रॅकेट अजिबात नाही. वेळ सकाळची किंवा ऊन उतरतानाची, कारण एडिस, म्हणजे डेंगी पसरवणाऱ्या डासांचा गट, दिवसा चावतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट वगैरे सांगायला नको.

दहापट मोठं दाखवणारं हातभिंग आणि टॉर्च हवा. टॉर्च तिरका धरा, समोरून मारलात तर चंदेरी खवले नुसते चकाकतात आणि आकृती हरवते.

आता बघायचं काय. २०२४ च्या जूनमध्ये एरंडवण्यात झिकाचे, म्हणजे एडिसच पसरवतो अशा आणखी एका तापाचे, रुग्ण सापडल्यापासून आमच्या सोसायटीत पायावर पांढरे पट्टे दिसले की "डेंगीचा डास" असा निकाल लागतो. पट्टे एडिस इजिप्ती आणि एडिस अल्बोपिक्टस (यालाच टायगर म्हणतात) या दोघांच्याही पायांवर असतात, आणि डेंगी दोघेही पसरवतात. त्यामुळे पाय सोडा, पाठ बघा, म्हणजे डोक्यामागचा छातीचा वरचा भाग. अल्बोपिक्टसच्या पाठीवर मधोमध एकच ठळक पांढरी रेघ असते, भांग पाडल्यासारखी. इजिप्तीच्या पाठीवर बाजूंना कंसासारख्या दोन वळलेल्या रेषा आणि मध्ये दोन बारीक सरळ रेषा. याला वीणेचा आकार म्हणतात. मला त्यात वीणा कधी दिसली नाही, कंस मात्र लगेच दिसतात. टेकडीवर, खडकातल्या साचलेल्या पाण्याजवळ पकडला असेल तर तिसरा भाऊ निघू शकतो, एडिस व्हिटॅटस. त्याच्या पाठीच्या पुढच्या भागात तीन जोड्यांत सहा पांढरे ठिपके असतात. वेताळ टेकडीवर जाणार असाल तर हे पाठ करून जा.

पाठ घासलेली असेल तर (टिश्यू विसरलात तर असणारच) दोन खुणा उरण्याची शक्यता असते. सोंडेच्या मुळाशी, अगदी समोर, इजिप्तीच्या मादीला दोन पांढरे ठिपके असतात, तिथे अल्बोपिक्टस काळाच असतो. आणि इजिप्तीच्या मधल्या पायाच्या मांडीवर पुढच्या बाजूने लांब पांढरी रेघ असते, अल्बोपिक्टसला नसते. माझ्या अकरांपैकी चार नंतर यावर ओळखता आले. एक तर एडिसच नव्हता. संडासाच्या टाकीत वाढणारा मोठा आर्मिजेरिस निघाला, सोंड खाली वाकलेली, पायाला पट्टे नाहीत. आकार बघून मीच त्याला टायगर म्हणून मोकळा झालो होतो. मोठा म्हणून टायगर, असा हिशोब करू नका.

कोऱ्या खवल्यांचा डास हवा असेल तर पकडण्यापेक्षा वाढवणं सोपं. कुंडीखालच्या ताटलीतल्या अळ्या त्याच पाण्यासकट बरणीत घ्या आणि तोंडावर मच्छरदाणीचं कापड दोन पदरी, रबराने घट्ट बांधा. सैल बांधलंत तर घरच्यांचं बोलणं खावं लागेल आणि ते रास्तच असेल. डास बाहेर पडला की अंग घट्ट व्हायला एक दिवस द्या.

मारायला नळी तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर बंदच राहू द्या, ती खोलीइतकी कोमट होईपर्यंत. लगेच उघडलीत तर आत दव धरतं, खवले भिजून चिकटतात. स्पिरिटमध्ये बुडवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, अळीसाठी ठीक, डासाचे खवले त्यात सुटतात.

मग टिश्यू. डबीच्या तळाशी सैल चुरगळून, वर डास, त्यावर आणखी एक हलका तुकडा. ठासून भरायचा नाही, नाहीतर चेपून पुन्हा तेच. एका डबीत एकच डास. हवा दमट असते म्हणून सिलिका जेलची पुडी, नाहीतर बुरशी येते. डबी उघडी ठेवलीत तर रात्रीत मुंग्या नेतात.

चिठ्ठी पेन्सिलीने: तारीख, वेळ, जागा. "घराजवळ" ही जागा नव्हे.

डबी डिकीत नको, अंगावरच्या सॅकमध्ये. निघण्याआधी प्रत्येक झाकण उघडून टिश्यू आहे ना बघा. अकराच्या अकरा.