अ‍ॅबसिंथ पिताना या चुका टाळा

अ‍ॅबसिंथ हे कडक मद्य म्हणजे कडूजहर, असं न पिताच सांगणारे पुष्कळ. स्वित्झर्लंडचं व्हाल-द-त्राव्हेर खोरं आणि सीमेपलीकडचं फ्रान्समधलं पोंतार्लिए हे तिचं माहेर. तिथे वर्मवूड, अनीस (बडीशेपेसारख्या चवीचं बी) आणि बडीशेप मद्यार्कात भिजवून ऊर्ध्वपातन करतात. वर्मवूड ही आपल्या दवण्याच्या भावकीतली वनस्पती. तिचा सुगंध वाफेबरोबर वर येतो, जहाल कडूपणा भांड्याच्या तळाशीच राहतो. म्हणून घोटात आधी अनीसचा गोडवा येतो, मग ओल्या पाल्याचा वास आणि शेवटी जिभेच्या मुळाशी हलका कडवटपणा.

हे ठाऊक नसलं की बरणीत वाळलेलं वर्मवूड घालून वर व्होडका ओतली जाते. ती अ‍ॅबसिंथ नव्हे, काढा. ऊर्ध्वपातन नसल्यामुळे सगळा कडूपणा त्यातच उतरतो आणि कितीही साखर घातली तरी हटत नाही. सरळ ओतून द्या.

दुसरी चूक साखर पेटवण्याची, आणि तिचा मनापासून राग येतो. हा जुना फ्रेंच रिवाज नाही. १९९०च्या दशकात चेक बारमधून तो पसरला. नेहमी होतं ते असं: वडी अ‍ॅबसिंथमध्ये बुडवून चमच्यावर ठेवतात, लायटर लावतात. साखर बुडबुडे धरून तपकिरी होते आणि जळता थेंब ग्लासात पडतो. खाली ६८ टक्के मद्यार्क, तोही भडकतो. निळी ज्वाळा उजेडात दिसत नाही. घाबरून कोणीतरी भसकन पाणी ओततो. हात भाजतो, ग्लासही तडकू शकतो, आणि उरतं ते करपलेल्या साखरेचं कोमट पाणी. पाल्याचा नाजूक वास त्यात कुठून सापडणार? फोटोसाठी महागडी बाटली जाळू नका.

पाण्याची घाई हीच खरी मोठी चूक. माप असं: ३० मिली अ‍ॅबसिंथ, ९० ते १५० मिली बर्फगार पाणी. बर्फ जगमध्ये ठेवा, ग्लासात नको. तो वितळत राहतो आणि माप बिघडतं. पाणी सलाइनसारखं थेंब थेंब सोडा. अनीसचं तेल मद्यार्कात विरघळलेलं असतं. पाणी वाढलं की ते बाहेर पडतं आणि ग्लासात दुधी धूर उठतो. आधी तेलकट रेघा हलतात, मग ढग वर चढतो आणि शेवटी वरचा हिरवा पारदर्शक थर नाहीसा होतो. तिथे थांबून चव घ्या, मगच पुढचं पाणी. या सगळ्याला चार-पाच मिनिटं लागतात. एवढा धीर नसेल त्याने बिअर प्यावी. धार एकदम सोडली तर ढगही उठतो, पण वास हळूहळू उलगडत नाही आणि पाणी हमखास जास्त होतं. ६८ टक्क्यांच्या बाटलीत १२० मिली पाणी घातलं की ग्लासात साधारण १४ टक्के मद्यार्क उरतो, म्हणजे वाइनइतका. पाणी न घालता शॉट मारणाऱ्याला जिभेवर फक्त जळजळ कळते.

साखर सवयीने घालू नका. आधी बिनसाखरेचा घोट घ्या, कडवट वाटलं तर एक वडी. वडी ठेवून वरून पाणी सोडायला भोकांचा चमचा नसला तर चहाची गाळणी चालते. स्विस 'ला ब्लू' अ‍ॅबसिंथ रंगहीन असते, तिला सहसा साखर लागत नाही.

पाणी घालूनही दुधी होत नसेल तर अनीस कमी आहे. बोहेमियन (चेक) धर्तीच्या बाटल्यांत हेच होतं, पाणी वाढवून उपयोग नाही.

बाटली फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीत तेलाचे पांढरे कण गोठू शकतात. बाहेर काढून ठेवली की विरघळतात. उन्हातही नको, पानांचा हिरवा रंग उडून तपकिरी होतो. तो मंद तपकिरी रंग दोष नव्हे, मुद्दाम मुरवलेल्या जुन्या बाटल्यांतही दिसतो. चकाकता पोपटी रंग दिसला तर लेबल वाचा, बहुधा खाण्याचा रंग घातलेला असतो.

भास होतील या आशेने पिऊ नका. भासांचा ठपका ज्यावर ठेवतात त्या वर्मवूडमधल्या थुजोनची मर्यादा युरोपीय संघात किलोमागे ३५ मिलीग्रॅम आहे. त्याआधी मद्यार्कच आडवं पाडतो.