खडू, शेंदूर, सिमेंट आणि उत्साह : मुंबईतला जुना दगड जपताना या चुका टाळा

बारा वर्षांपूर्वी पश्चिम उपनगरातल्या एका गावठाणात, पिंपळाच्या पाराला टेकून उभा असलेला एक गधेगळ, म्हणजे दानाची नोंद आणि ते मोडणाऱ्याला शाप कोरलेला दगड, आम्हा चौघांना ‘सापडला’. सापडला कसला, गावाला तो पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. आम्ही पहिल्यांदा पाहिला, इतकंच. वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेल्या ओळी आणि खाली दगडात चित्र म्हणून कोरलेली ती प्रसिद्ध शिवी. फोटोत अक्षरं उठेनात म्हणून एकानं खिशातून खडू काढला आणि आम्ही सगळ्या ओळी गिरवून टाकल्या. संध्याकाळी फोटो ग्रुपवर गेला, भरपूर अंगठे मिळाले. पुढे एका जाणत्या अभ्यासकांना तो दाखवला. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, “हे तुमचं अक्षर झालं. दगडाचं कुठे आहे?”

एका भेगेला आम्ही काना समजलो होतो.

अतिक्रमणं, पाडापाडी, सरकारी अनास्था यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. इथे मी आपल्यासारख्या हौशी, दगडावर जीव असलेल्या माणसांच्या हातून होणाऱ्या चुकांबद्दल बोलणार आहे. त्यातल्या निम्म्या मी स्वतः केल्या आहेत.

खडू आणि त्याचे भाऊबंद

खडू, पीठ, रांगोळी, तेल, काहीच लावू नका. पूड दगडाच्या छिद्रांत बसते, तेलावर धूळ चिकटून काळा थर होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुढचा वाचणारा लेख न वाचता तुमचं गिरवणं वाचतो. उपाय अगदी स्वस्त आहे. दिवस मावळल्यावर जा. बॅटरी समोरून न धरता बाजूनं, जवळजवळ दगडाला टेकवून धरा. तिरक्या उजेडात प्रत्येक खाचेत सावली पडते आणि भर दुपारी न दिसलेली ओळ समोर उभी राहते. डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असे चार फोटो घ्या. एका उजेडात हरवलेलं अक्षर दुसऱ्यात मिळतं, आणि दिसणारी खूण म्हणजे कोरलेली रेघ आहे की नुसता टवका, तेही कळतं. शेजारी पट्टी ठेवा, नाहीतर दगड दोन फुटी की पाच फुटी हे फोटोवरून सांगता येत नाही. ओल्या कागदावर शाईचा ठसा घेण्याची पद्धत आहे, पण ते शिकलेल्या हाताचं काम आणि संरक्षित जागी परवानगीचं.

आधीच कोणी खडू फासला असेल तर? घासू नका. थोडाफार पाऊस धुऊन नेईल. तारेचा ब्रश दगडाचा वरचा पापुद्रा नेतो आणि त्याबरोबर अक्षराची उरलीसुरली कडही.

लेखात शक सापडला की आणखी एक ठरलेली चूक होते. अलिबागजवळच्या आक्षीचा प्रसिद्ध मराठी शिलालेख शके ९३४चा आहे. त्याखाली ‘सन ९३४’ असं लिहून फिरणारे फोटो मी पाहिले आहेत. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे इसवी सन १०१२ येतं.

देवाची साफसफाई

मुंबईतले कितीतरी वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा) आणि गधेगळ आज गावदेव म्हणून पुजले जातात. त्यांच्यावर शेंदूर आहे, कधी चकचकीत ऑइलपेंटही. तो खरवडून ‘मूळ शिल्प’ बाहेर काढण्याची ऊर्मी येते. ती आवरा. पहिलं कारण माणुसकीचं आहे, तो कोणाचा तरी देव आहे. दुसरं तांत्रिक आहे. रंगाखालचा दगड किती कुजलाय हे वरून दिसत नाही आणि रंगाबरोबर नाकडोळेही निघून येऊ शकतात.

त्यापेक्षा तिथे रोज दिवा लावणाऱ्या आजींशी बोला. दगडाला गावात काय म्हणतात, पूर्वी कुठे होता, कोणाच्या लग्नाची हळद आधी त्याला लागते, हे कुठल्याच नोंदवहीत नसतं. गधेगळाचा अर्थ सांगताना मात्र जरा सबुरीनं. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालेल आणि जो मोडेल त्याच्या आईची अब्रू गाढव घेईल, असा त्याचा मजकूर. देवळात बसून हे मोठ्यानं वाचून दाखवायची गरज नसते. मी एकदा दाखवलं होतं, आणि त्या गावात नंतर वर्षभर चहा मिळाला नाही.

देव आणि पुरातत्त्व एका छपराखाली नांदू शकतात. परळला १९३१ साली रस्त्याचं काम चालू असताना शिवाचं भव्य शिल्प निघालं. सात शिवरूपं एकमेकांतून उमलत वर जातात असं ते शिल्प आज बारादेवीच्या देवळात आहे. ते संरक्षितही आहे आणि पूजेतही. बघायला जाल तर आधी नमस्कार करा, कॅमेरा मागाहून काढा.

दगड उचलून ‘सुरक्षित’ ठेवणं

ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक, कारण ती दुरुस्त होत नाही.

फोर्टातल्या सेंट थॉमस कथीड्रलपासूनचं अंतर सांगणारे ब्रिटिशकालीन मैलाचे दगड शहरात काही ठिकाणी अजून उभे आहेत. रोमन आकड्यांचे, फुटपाथ चढत गेल्यामुळे अर्धेमुर्धे गाडलेले. असा एखादा दगड उचलून चार चौक पलीकडच्या बागेत हौसेनं बसवला, तर तो त्या दिवसापासून खोटं बोलायला लागतो. मैलाच्या दगडाबाबत हे चटकन पटतं. गधेगळाचंही तेच आहे. दान दिलेली जमीन किंवा गाव कुठलं, हे कळायला तो उभा असलेली जागा हाच मोठा पुरावा असतो. वीरगळही तसाच. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. ती कोणाकोणात झाली यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण ते दगड समुद्र आणि खाडीपासून फार लांब नाहीत ही गोष्ट त्या चर्चेत सगळेच धरतात. तेच दगड घाटावरच्या एखाद्या बंगल्यात उभे असते तर?

खोदकामात काही निघालंच, तर हात लावायच्या आधी दुरून फोटो घ्या, मग जवळून. मोबाइलवर ठिकाण नोंदवा, किती खोलीवर होतं ते मोजा आणि काम थांबवायला सांगा. घरी नेऊ नका. १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. दहा रुपये वाचून हसू येतं, पण कायदा तसाच आहे.

सिमेंट

भिंतीचा सांधा सुटला, चिरा निसटला की कोणीतरी पोतं घेऊन येतं. हेतू चांगला असतो. पण जुनी भिंत चुन्यात बांधलेली असते आणि चुना श्वास घेतो. पावसाळ्यात भिंत पाणी पिते, पुढे ते सांध्यांतून बाहेर पडतं, जाताना क्षार सांध्यात सोडून जातं. सांधा झिजतो, पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा भरतात, दगड शाबूत राहतो. झिजायचं तर सांध्यानं झिजावं, दगडानं नाही, हा सगळा हिशेब. सिमेंटनं सांधा बंद केला की पाणी दगडातून वाट काढतं, क्षार दगडाच्या पोटात साचतात आणि काही पावसाळ्यांत चिऱ्याचे पापुद्रे सुटायला लागतात. सिमेंट मात्र तसंच, जाळीसारखं पुढे आलेलं. आपल्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं.

चुन्याचं काम जाणणारे गवंडी आजही मिळतात. चुना मुरवायचा, त्यात विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, घालायची, जागेनुसार गूळ, बेलफळ, हिरडा असलं काही मिसळायचं. वेळ लागतो, पैसेही. गणपतीच्या आधी उरकून टाकू, असं हे काम नव्हे.

किल्ल्यावरची रविवारची मोहीम

प्लास्टिक उचला, बाटल्या उचला, जितक्या उचलाल तितक्या थोड्या. पण तटातून उगवलेला पिंपळ ओढून काढू नका. मूळ चिऱ्यांच्या मागे हातभर पसरलेलं असतं, ओढलं की चिरे हातात येतात. नुसता शेंडा छाटला तर पुढच्या मृगाला तिथे दुप्पट फांद्या. बोटाएवढं रोप असेल तेव्हाच काढलेलं बरं. मोठ्या मुळाला जाणकाराशिवाय हात नको, कधीकधी तेच मूळ भिंत धरून उभं असतं.

यंत्राबद्दल तर बोलायलाच नको. जून २०२४ मध्ये बाणगंगा तलावातला गाळ काढायला खोदयंत्र थेट पायऱ्यांवरून उतरवलं गेलं आणि दगडी पायऱ्या तुटल्या. ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला. जिथे शेकडो वर्षं माणसं अनवाणी उतरली, तिथे गाळही टोपल्यांनीच काढायचा असतो, एवढंच कोणाला तरी वेळेवर सुचायला हवं होतं.

जाता जाता पाट्यांचंही सांगतो. स्वतःच्या पैशानं फलक लावायचा असेल तर आधी खात्री करा. वरळीचा किल्ला पोर्तुगीजांचा, शीवचा पेशव्यांचा आणि लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरलेली, हे तीनही मी रंगवलेल्या अक्षरांत वाचलंय. वरळी आणि शीव दोन्ही इंग्रजांचे, सतराव्या शतकातले. पोर्तुगीज हवे असतील तर वांद्र्याला जा, तिथला किल्ला १६४०चा. धारावीच्या काळ्या किल्ल्याला तर फलकाची गरजच नाही. १७३७ साल आणि गव्हर्नर जॉन हॉर्नचं नाव भिंतीवरच कोरलेलं आहे.

तक्रार चुकीच्या दारात

“पुरातत्त्ववाल्यांना कळवलं, काही झालं नाही.” कुठल्या पुरातत्त्ववाल्यांना? कान्हेरी, जोगेश्वरी, महाकाली, घारापुरी ही केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, ज्याचं मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. शिवडी, वरळी, माहीम हे किल्ले राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. वारसा यादीतल्या इमारती महापालिकेच्या वारसा समितीकडे. कान्हेरीत लेणं एका खात्याचं आणि भोवतीचं जंगल दुसऱ्याचं. आधी पाटी वाचा, मग पत्र लिहा.

पत्रात भावना कमी आणि तारखा जास्त असाव्यात. आधीचा फोटो, आताचा फोटो, दोन्हींवर दिवस. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नवं बांधकाम होत नाही आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते, हे लिहून अंतरही मोजून द्या. पोचपावती घ्या.

कुठल्याही यादीत नसलेल्या दगडासाठी मात्र दार शोधावं लागतं. आमचा पिंपळाखालचा गधेगळ त्यातलाच. पुनर्विकासात पार गेला, पिंपळ गेला. नव्या सोसायटीतल्या एका काकांनी दगड डंपरमध्ये जाण्यापासून वाचवला आणि बागेत चौथरा बांधून बसवला, त्यांचे उपकारच. मी बघायला गेलो तेव्हा चंद्र-सूर्य आणि वरच्या चार ओळी स्वच्छ दिसत होत्या. खालचं चित्र पोरांसमोर बरं दिसत नाही म्हणून तेवढा भाग कमिटीनं सिमेंटात घेतला होता. त्याबरोबर शेवटच्या दोन ओळीही गेल्या. दान मोडणाऱ्याचं काय होईल, हे त्यातच लिहिलेलं असतं.