हर्शीला आरव्ही घेऊन निघालात? या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या मराठी घरांसाठी पेनसिल्व्हेनियातलं हर्शी, याच नावाच्या चॉकलेट कंपनीचं गाव, म्हणजे शनिवार-रविवारची हमखास सहल. कारने गेलात तर चुकायला फारसं काही नाही. पण भाड्याची आरव्ही (आत राहायची-झोपायची सोय असलेली मोठी गाडी), सोबत मुलं आणि भारतातून आलेले आजी-आजोबा असा लवाजमा असेल, तर बारीकसारीक गोष्टी नडतात.

पहिली चूक घरीच होते. 'चल, तुला चॉकलेटची फॅक्टरी दाखवतो,' असं मुलांना सांगू नका. हर्शीज चॉकलेट वर्ल्डमध्ये फॅक्टरी नाही. १९०५ साली सुरू झालेल्या मूळ कारखान्यात पूर्वी लोकांना खरंच आत फिरवत; गर्दी आवरेना, म्हणून १९७३ मध्ये हे वेगळं केंद्र उभं राहिलं. इथे सरकत्या डब्यात बसायचं, कोकोच्या बियांपासून वडीपर्यंतचा प्रवास बघायचा, गाणाऱ्या गाई ऐकायच्या. राइड फुकट आहे आणि मुलं खूश असतात. यंत्रं न्याहाळायला आलेले आजोबा मात्र 'हा तर देखावा झाला!' म्हणतात. त्यांच्यासाठी गावातलं 'द हर्शी स्टोरी' संग्रहालय राखून ठेवा. आणि हो, राइडमध्ये बसताना पायाखालचा फलाट फिरता असतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर रांगेतच कर्मचाऱ्यांच्या कानावर घाला.

आरव्ही थेट दारापर्यंत नेऊ नका. उन्हाळ्यात शेजारच्या हर्शीपार्क या मनोरंजन उद्यानाची गर्दी त्याच रस्त्यांवर असते आणि तेवढं लांब धूड वळवायला जागा मिळत नाही. कॅम्पग्राउंडवर गाडी लावा. तिथून शटल आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा. गाडीची उंची छतावरच्या एसीसकट मोजून कागदावर लिहा आणि तो स्टिअरिंगजवळ चिकटवा.

कॅम्पवर पोचल्यावर पहिली तक्रार ठरलेली: लाइट गेली. ३० ॲम्पिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टने जेमतेम ३६०० वॅट मिळतात. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला आणि त्यातच पाण्याचा हीटरही विजेवर असला, की ब्रेकर पडलाच. आधी एसी बंद करा, मग पोहे गरम करा.

आता खरा घोळ, खरेदी केलेल्या चॉकलेटचा. कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि जुलैच्या उन्हात बंद आरव्ही त्याहून तापते. पुढच्या केबिनचा एसी मागच्या कपाटांपर्यंत पोचत नाही, छतावरच्या एसीला जनरेटर किंवा बाहेरची वीज लागते. म्हणून खरेदी परतीच्या आदल्या संध्याकाळी करा. फ्रिजवर भिस्त असेल तर तो गॅसवरही चालणारा आहे का ते बघा. तसा असेल तर गाडी सपाट जागेवर उभी हवी, नाहीतर तो थंडच होत नाही. तो काही तास आधी सुरू करा आणि ठासून भरू नका. चॉकलेट हवाबंद डब्यात ठेवा, बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडू नका. वडीला पाणी सुटलं की साखर वर येते. उन्हात मऊ होऊन पुन्हा घट्ट झालेल्या वडीवर दिसणारा पांढरट थर म्हणजे बुरशी नव्हे, वर आलेली चरबी. फेकू नका, दुधात घालून उकळा, मुलं पितात.

रात्री शेकोटीवर स्मोर्स (बिस्किटांमध्ये चॉकलेट आणि भाजलेला मार्शमॅलो) करणार असाल तर शाकाहारी मंडळींसाठी मार्शमॅलोचं पाकीट वाचून घ्या. साध्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं. जिलेटिन नसलेले मिळतात, पण कॅम्पवरच्या दुकानात मिळतीलच असं नाही. घरून न्या.

शेवटचं, भारतात न्यायच्या थैल्या भरण्याआधी एक छोटं पाकीट फोडून चाखा. कॅडबरीवर वाढलेल्या बऱ्याच जणांना हर्शीच्या दुधी चॉकलेटची किंचित आंबट चव रुचत नाही. मग अमेरिकन दुकानातली कॅडबरी घ्यावी म्हणाल, तर तीही इथे परवान्याखाली हर्शीच बनवते.