सर्व्हर घेताय? आधी यूपीएस बघा
नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. त्यामुळे ऑफिसात सर्व्हर ठेवणार असाल तर प्रोसेसरच्याही आधी यूपीएसचा, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर वीज देणाऱ्या यंत्राचा, विचार करा. त्यातल्या सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीला 25 अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं. सतत 35 अंशांत तिचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. तिलाही एसीतच जागा द्या. कूलर मात्र तिथे अजिबात नको, दमट हवेने कनेक्टर गंजतात.

सर्व्हरला जोडता यावा म्हणून यूपीएस यूएसबी पोर्टवालाच घ्या, पण मॉडेल ‘नट’ (NUT) या यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या यादीत आहे ना, हे खरेदीपूर्वी तपासा. लाइट गेली आणि बॅटरी उतरत आली, की नट सर्व्हर रीतसर बंद करतं, त्यामुळे डेटाबेस खराब होत नाही. बसवल्यावर कामाची वेळ संपली की यूपीएसला येणारी वीज बंद करून हे प्रत्यक्ष बघाच.