म्यूझस्कोर शिकवताय? नवशिक्यांना अडवणाऱ्या या चुका टाळा

वर्षानुवर्षं हार्मोनियम वाजवणारा माणूस म्यूझस्कोर हे स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर उघडतो, चार स्वर लिहितानाच अडकतो आणि 'आपल्याला कॉम्प्युटर जमत नाही' म्हणून बंद करून टाकतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता ठामपणे सांगते: बहुतेक वेळा दोष शिकणाऱ्याचा नसतो, धड्याचा असतो. सॉफ्टवेअर फुकट आहे, ताकदीचं आहे. मराठीतून त्याचे धडे करणारे वाढायला हवेत, पण नेमक्या अडचणीच्या जागा ओळखून.

पहिली चूक म्हणजे मेनूची प्रदक्षिणा. 'हा फाइल, हा व्ह्यू, हा फॉरमॅट' यात वीस मिनिटं जातात आणि कागदावर एक स्वर उमटत नाही. त्याऐवजी भूपाची एक ओळ घ्या. पांढरी एकचा सा धरला की सा रे ग प ध म्हणजे सी डी ई जी ए. सगळे पांढऱ्या पट्ट्यांवर, शार्प-फ्लॅटची, म्हणजे काळ्या पट्ट्यांची, भानगडच नाही. आपण लिहिलेली ओळ स्पेसबार दाबून ऐकली की पुढचं शिकायला माणूस आपण होऊन बसतो.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती स्वराच्या लांबीपाशी. आपल्याकडे आधी स्वर मनात येतो, मग तो किती मात्रा धरायचा ते. म्यूझस्कोरमध्ये नेहमीच्या पद्धतीनं लिहिताना क्रम उलटा: एन दाबून लिहिणं सुरू करायचं, मग लांबी, मग स्वर. ५ ची कळ म्हणजे क्वार्टर नावाची लांबी, ६ म्हणजे हाफ, त्याच्या दुप्पट, ४ म्हणजे एट्थ, त्याच्या निम्मी. माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंनी सी, डी, ई लिहिले आणि शेवटचा ग लांबवायला ६ दाबला. ग तसाच राहिला, पुढचा प मात्र दुप्पट झाला. त्यांना वाटलं प्रोग्रॅम बिघडला. धड्यात ही चूक मुद्दाम करून दाखवा. मग एस्केप दाबून लिहिणं थांबवा, तो ग निवडा, ६ दाबा. आणि हेही दाखवा, की त्याच्यापुढे प आधीच लिहिलेला असेल तर वाढलेला ग त्याची जागा खातो.

पुसण्याचंही तसंच. स्वर डिलीट केला की त्या जागी रेस्ट, म्हणजे विरामाची खूण, उरते, कारण बारमधल्या, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या कप्प्यातल्या, मात्रा कायम पूर्ण भरलेल्या लागतात. हे कारण सांगितलं नाही तर लोक रेस्ट पुसत बसतात. अख्खा बार काढायचा असेल तर तो निवडून कंट्रोल आणि डिलीट.

ताल न विचारता सुरुवात करणं हीसुद्धा महागात पडणारी चूक. दादऱ्यातली चाल ४/४ मध्ये, म्हणजे चार क्वार्टरच्या बारमध्ये, लिहायला घेतली की सहा मात्रांचं आवर्तन बारच्या रेघेवर तुटतं. लांब स्वर रेघ ओलांडतो तेव्हा त्याचे दोन होतात आणि मध्ये त्यांना जोडणारी टायची कमान येते. शिकणाऱ्याला वाटतं आपण दोनदा दाबलं. नवीन स्कोर करतानाच ६/८, म्हणजे सहा एट्थचा बार, निवडायला सांगा. मग एक मात्रा म्हणजे एट्थ, म्हणजे ४ ची कळ.

शब्द लिहिताना एक वेगळीच गंमत होते. कंट्रोल-एल दाबून बोल लिहायला कीबोर्ड मराठीवर नेला आणि तसाच ठेवला, तर परत आल्यावर एन किंवा सी-डी-ई या कळा दाद देईनाशा होऊ शकतात. 'शॉर्टकट चालत नाही' अशी तक्रार आली की मी आधी कीबोर्डची भाषा विचारते. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर देवनागरी फॉन्ट निवडून पाहायचा. एका शब्दाची अक्षरं वेगवेगळ्या स्वरांखाली हवी असतील तर मध्ये हायफन, नवीन शब्दाला स्पेस.

आवृत्ती न सांगणं टाळा. म्यूझस्कोर ४ डिसेंबर २०२२ मध्ये आलं आणि पडदाच बदलला. तिसऱ्या आवृत्तीत उजवीकडे असणारा इन्स्पेक्टर, म्हणजे निवडलेल्या गोष्टीच्या सेटिंग्जची खिडकी, चौथीत डावीकडे प्रॉपर्टीज नावानं बसला. जुनी चित्रं दाखवाल तर शिकणारा नसलेली खिडकी शोधत राहील. चौथीतली फाइल तिसरीत उघडत नाही. जुनी आवृत्ती असलेल्याला म्युझिकएक्सएमएल या वेगवेगळ्या स्वरलिपी-प्रोग्रॅममध्ये उघडणाऱ्या फाइल-प्रकारात काढून द्या.

भाषांतराचा हव्यासही नको. बोलताना 'विराम' जरूर म्हणा, पण पडद्यावर रेस्ट लिहिलंय हे बोट ठेवून दाखवा, नाहीतर तो शब्द मेनूत सापडणारच नाही. व्हिडिओत प्रत्येक कळ दाबताना तिचं नाव मोठ्यानं घ्या. तुमची बोटं त्यांना दिसत नसतात.

धडा तयार झाला की कधीच म्यूझस्कोर न उघडलेल्या एखाद्याला तो लावून द्या आणि शेजारी गप्प बसा. माउसला हात लावू नका. त्याचा हात जिथे थांबेल ती वेळ टिपून ठेवा आणि तेवढा भाग पुन्हा रेकॉर्ड करा.