गोटू दुर्बीण भलतीकडेच वळते? अलाइनमेंट अशी दुरुस्त करा

गोटू दुर्बीण म्हणजे मागितलेल्या वस्तूकडे मोटरने आपोआप वळणारी दुर्बीण. तिला आधी ओळखीचे तारे दाखवून आकाशाची दिशा कळवावी लागते, तीच अलाइनमेंट. 'अलाइनमेंट सक्सेस' असं स्क्रीनवर येतं, तुम्ही मृग नक्षत्रातला तेजोमेघ मागता, मोटर घुर्रर्र करत थांबते आणि आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) नुसता काळोख असतो. मग कुणीतरी सांगतं, माउंट (दुर्बीण पेलणारा आणि फिरवणारा भाग) खराब आहे, बदलून घ्या. कुणी सांगतं, ट्रायपॉड लेव्हल नाही. गेली काही वर्षं मी दुसऱ्यांच्या दुर्बिणी अलाइन करून देते आहे. खरोखर बिघडलेलं माउंट त्यात क्वचित निघालं. बहुतेक वेळा माउंटला चुकीचा तारा दाखवलेला असतो, किंवा बरोबर तारा चुकीच्या पद्धतीने मध्यभागी आणलेला असतो.

पुढचं सगळं दोन मोटरींच्या साध्या अल्ट-अझिमथ, म्हणजे वर-खाली आणि आडवं फिरणाऱ्या माउंटबद्दल आहे. १३० मिलिमीटरच्या परावर्ती दुर्बिणीखाली असतं ते.

फाइंडर, म्हणजे नळीवरचं नेम धरायचं छोटं साधन, दिवसाउजेडीच लांबच्या टॉवरवर जुळवून ठेवा. सूर्याकडे नळी वळवू नका.

पेनाएवढ्या सेलवर माउंट चालवू नका. यूपीएसमध्ये असते तसली १२ व्होल्टची बॅटरी घ्या. व्होल्टेज पडलं की माउंट मध्येच रीसेट होतं आणि तुम्ही उगाच तारे तपासत बसता.

लेव्हलसाठी बुडबुड्याकडे एकदा नजर टाका आणि पुढे व्हा. दोन ताऱ्यांच्या अलाइनमेंटमध्ये थोडासा कल गणितातच सामावला जातो. लेव्हल करण्यात अर्धा तास घालवायचा सल्ला मला पटत नाही.

तारीख, वेळ, ठिकाण. इथे तीन खड्डे आहेत. बरेचसे हँड कंट्रोलर (माउंटचे बटणांचे रिमोट) आधी महिना आणि मग दिवस मागतात. ५ डिसेंबरला तुम्ही ०५/१२ टाकलंत की त्याच्या दृष्टीने १२ मे उजाडतो. तारीख १२ च्या पुढे असेल तर यंत्र ती नाकारतं, म्हणून ही चूक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच लपून राहते. दुसरा खड्डा टाइम झोनचा. भारताचा झोन +५:३० आणि डेलाइट सेव्हिंग 'नो'. कंट्रोलरमध्ये अर्ध्या तासाची सोयच नसेल तर झोन +५ ठेवा आणि घड्याळातून अर्धा तास वजा करून वेळ भरा. हा अर्धा तास विसरलात तर आकाश साडेसात अंश सरकतं. तिसरा खड्डा रेखांशाचा. पुण्याचे ७३ अंश ५१ कला *पूर्व* आहेत, पण अनेक कंट्रोलरमध्ये आधीपासून पश्चिम निवडलेलं असतं. फोनवर दिसणारं ७३.८५ तसंच टाकू नका. दशांश भागाला ६० ने गुणलं की कला मिळतात.

आता खरं काम, तारे निवडणं. यात माझा एक अख्खा हिवाळा गेला, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

कंट्रोलर नावं देतो ती पाश्चात्त्य. आपण ओळखतो नक्षत्रांच्या नावांनी. ही सांगड पाठ नसेल तर कागदावर लिहून लाल टॉर्चसोबत ठेवा: सिरियस म्हणजे व्याध, कॅपेला ब्रह्महृदय, अल्डेबरान रोहिणी, प्रोसिऑन प्रश्वा, रेग्युलस मघा, स्पायका चित्रा, आर्क्टरस स्वाती, अँटारेस ज्येष्ठा, व्हेगा अभिजित, अल्टेअर श्रवण. 'जो ठळक दिसेल तो घ्या' हा सल्ला कानाआड करा. ठळक दिसणारा तो ठिपका अनेकदा गुरू किंवा शनी असतो.

माझा घात पुनर्वसूने केला. कॅस्टर आणि पोलक्स हे दोन्ही पुनर्वसूतले तारे यादीत असतात आणि त्यांच्यात अंतर जेमतेम साडेचार अंश. वेळेत वीसेक मिनिटांची चूक झाली तरी आकाश साधारण तितकंच सरकतं. मी पोलक्स मागायचे, दुर्बीण दोघांच्या आसपास कुठेतरी थांबायची आणि मी समोर दिसेल तो तारा मध्यभागी आणून एंटर दाबायचे. कधी जमायचं, कधी नाही. या जमण्या-न जमण्यामुळेच मी कित्येक रात्री मोटरला दोष देत राहिले. आता मी पुनर्वसू वापरतच नाही. तुम्हाला वापरायचाच असेल तर पोलक्स नारिंगी आहे आणि कॅस्टर पांढरा. कॅस्टर जास्त मोठ्या वर्धनात दोन ताऱ्यांत फुटतो. तसा फुटला तर तुम्ही पोलक्सवर नाही आहात.

दुसरी गोष्ट आपल्या अक्षांशाची. उत्तरेकडच्या देशांतले मार्गदर्शक ती सहसा सांगत नाहीत, कारण तिथे स्वाती आणि रोहिणी माथ्यावर येत नाहीत. स्वातीची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) साधारण +१९ अंश आहे, म्हणजे मुंबई-पुण्यात ती जवळपास थेट डोक्यावरून जाते. रोहिणी +१६.५, म्हणजे तीही माथ्यापासून दोन-अडीच अंशांवरून. नळी खस्वस्तिकाजवळ, म्हणजे अगदी माथ्याकडे उभी असताना अझिमथला (आडव्या दिशेच्या कोनाला) काही अर्थच उरत नाही. तारा जरासा हलवायला माउंट पंधरा-वीस अंश गरगरतं, आणि तिथे घेतलेल्या मापावर सगळा नकाशा बेतला जातो. मे अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास स्वाती आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दहाच्या सुमारास रोहिणी नेमकी अशी उभी असते, आणि लोक नेमके तेच तारे निवडतात. घेऊ नका. ध्रुव आपल्याकडे १८-१९ अंशांवर, धुरकट थरात अडकलेला असतो. अगस्तीही (कॅनोपस) पुण्याहून फार तर १९ अंश वर येतो. दोघांनाही वगळा.

माझा नियम: दोन्ही तारे क्षितिजापासून २५ ते ६० अंशांमध्ये, आणि दिशांमधलं अंतर ९० अंशांच्या जवळपास. जानेवारीच्या सुरुवातीला रात्री नऊला आग्नेयेकडे व्याध आणि ईशान्येकडे ब्रह्महृदय, यापेक्षा चांगली जोडी मला माहीत नाही. मे अखेरीस त्याच वेळी दक्षिणेकडे चित्रा आणि पश्चिमेला मघा.

तारा मध्यभागी आणतानाही शिस्त हवी. फाइंडरमध्ये आणा, मग २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये, मग १० मिलिमीटरच्या. २५ वरच एंटर दाबलंत तर दोन अंशांच्या क्षेत्रात 'मध्य' म्हणजे तुमचा अंदाज. मी तारा मुद्दाम फोकसबाहेर नेते. त्याची फुगून मोठी चकती होते आणि तिच्या चारही बाजूंना काळी पट्टी सारखी दिसते आहे का ते डोळ्याला लगेच कळतं.

शेवटची हालचाल नेहमी *वर* आणि *उजव्या* बाणाच्या बटणानेच करा. गिअरच्या दात्यांमध्ये ढील असते. उलट्या बाजूने आलात तर मोटर फिरते पण नळी हलत नाही, आणि माउंट मोजणी मात्र मोटरची करतं. तारा पुढे निघून गेला तर खालच्या किंवा डाव्या बटणाने भरपूर मागे न्या आणि पुन्हा वर-उजवीकडून या. इथे दिसणाऱ्या दिशेचा विचार करू नका, आयपीसमध्ये चित्र उलटं दिसतं. फक्त बटणं बघा. तुमच्या माउंटच्या पुस्तिकेत वेगळी बटणं दिली असतील तर तीच पाळा. मी हे करायला लागले त्या रात्रीपासून वस्तू क्षेत्राच्या कडेऐवजी मध्याजवळ येऊ लागल्या.

तरीही चुकतंय? मग चूक कशी होते आहे ते बघा.

पहिल्याच ताऱ्याकडे जाताना दुर्बीण खूप भरकटली, पण दोन तारे दिल्यावर सगळं सुधारलं, तर वेळ किंवा ठिकाण चुकलं आहे. तारे तरीही सापडतील, चंद्र मात्र हुकू शकतो, कारण तो ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तासाला साधारण अर्धा अंश सरकतो.

'अलाइनमेंट फेल्ड' आलं तर वेळेला दोष देऊ नका. दोन ताऱ्यांमधलं कोनीय अंतर घड्याळावर अवलंबून नसतं. माउंटने मोजलेलं अंतर त्याच्या यादीतल्या अंतराशी जुळत नाही, याचा अर्थ एक तारा चुकीचा आहे किंवा मधल्या काळात नळी घसरली. वेळ पुन्हा भरण्यात रात्र घालवू नका, तारा पुन्हा ओळखा.

सुरुवातीला अचूक आणि तासाभरात बिघडत गेलं तर ट्रायपॉडचे पाय मातीत रुतताहेत किंवा क्लच (नळी घट्ट धरणारी पकड) सैल आहे. वांगणीच्या शेतात मी प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवते.

अलाइनमेंटनंतर नळी हाताने ढकलू नका. अशा बहुतेक माउंटना ते कळत नाही. आणि कुणाचा पाय ट्रायपॉडला लागलाच, तर चिडून इकडेतिकडे शोधत बसण्याऐवजी बंद करा, पुन्हा चालू करा आणि त्याच दोन ताऱ्यांवर परत या. सराव झाला की पाच मिनिटं लागतात.